तलवारीआधी सदरा

पत्र

ताई, मी मूळची सांगलीची, सध्या जर्मनीत हॅनोव्हरला एम.एस. करते. इथल्या मित्रमैत्रिणींचा एक गट दर ऑगस्टमध्ये ब्रोकेलोला ‘कॉन्क्वेस्ट’ नावाच्या लार्पला जातो. काही दिवस तंबूत राहायचं, काल्पनिक जगातलं एखादं पात्र व्हायचं, आणि लढाया, कारस्थानं, बाजारहाट सगळं त्या पात्रात राहूनच करायचं. यंदा मलाही चल म्हणताहेत. तिकिटाचे पैसे वेगळे काढलेत, पण कपड्यांसाठी जास्तीत जास्त १०० युरो आहेत. ऑनलाइन पाहिलं तर एक अंगरखा आणि बूट यातच ते संपतात. एक मैत्रीण म्हणते एल्फ हो, म्हणजे परीकथांतली टोकदार कानांची. दुसरी म्हणते साडी नेस, पूर्वेकडची राजकन्या हो. मला दोन्ही पटत नाही आणि का ते सांगताही येत नाही. शिवण जेमतेम येतं, आईकडे मशीन आहे. मार्चमध्ये तीन आठवडे घरी येणार आहे, तिथून काही आणता येईल का? आणि तलवार घ्यावी का?
— एक विद्यार्थिनी, हॅनोव्हर

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

१०० युरोंत हे होतं, आणि चांगलं होतं. पैसे कुठे घालायचे आणि कुठे मुळीच नाहीत, एवढं आधी ठरवू.

मी वर्षानुवर्षं नाटकांचा कपडेपट सांभाळला, म्हणून तिथूनच सुरुवात करते. रंगमंचावरचा नट पहिल्या रांगेपासूनही बराच लांब असतो. उजेड आपल्या हातात असतो, प्रयोग तीन तासांत संपतो. ड्रेपरीवाल्याकडचा साटीनचा अंगरखा तिथे राजवस्त्र म्हणून खपतो. ब्रोकेलोच्या मैदानावर मात्र तुझ्याशी बोलणारा माणूस हातभर अंतरावर उभा असणार, तेही भर उन्हात. त्याच कपड्यांत तू गवतावर बसणार, सूप पिणार, पावसात भिजणार, रात्री शेकोटीपाशी हात शेकणार. एवढ्या जवळून आणि इतके दिवस पाहिलं की नकली चमक पहिल्या तासातच उघडी पडते. टिकतं ते साधं, जाड, नीट शिवलेलं कापड, जे कुणीतरी रोज अंगावर घालत असेल असं वाटतं. तू ‘पोशाख’ शोधायचं सोड. त्या जगातल्या एका बाईचे रोजचे कपडे शिवायला घे. बजेटचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो, कारण रोजचे कपडे स्वस्त असतात.

ज्या वाचकांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जर्मनीत हा छंद फार मोठा आहे. डिमेलश्टाटचं ‘ड्राखेनफेस्ट’ २००१ पासून आणि ब्रोकेलोचं ‘कॉन्क्वेस्ट’ २००४ पासून भरतं, आणि दोन्हीकडे हजारोंनी माणसं येतात. एवढ्या गर्दीत नवखी मुलगी महागड्या कपड्यांनी उठून दिसत नाही. ती उठून दिसते ती तिचे कपडे आणि तिचं काम एकमेकांना जुळले की.

म्हणून कापडाच्या आधी काम ठरव. तुझं पात्र पोट कशावर भरतं? सरदार झालीस तर चिलखत लागेल, आणि ते तुझ्या बजेटच्या कितीतरी पलीकडे आहे. निरोप पोचवणारी जासूद, पत्रं लिहून देणारी लेखनिक, जडीबुटी गोळा करणारी, वैद्याच्या हाताखालची मदतनीस, सुईदोरा आणि गुंड्या विकणारी फिरती विक्रेती, यातलं काहीही तुझ्या खिशात बसतं. यातल्या प्रत्येकीला कुठल्याही तंबूपाशी जायला आणि अनोळखी माणसाला प्रश्न विचारायला कारण असतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे फार उपयोगी पडतं. नाहीतर नवखी माणसं दोन दिवस आपल्याच गटाच्या तंबूत बसून राहतात. मला विचारशील तर मी जासूद निवडेन. ती लांबून आलेली असते, त्यामुळे तुझी जर्मन अडखळली तरी कुणाला खटकणार नाही, आणि दमलेले, धुळीचे कपडे तिला शोभतात.

आता तुझ्या मैत्रिणींच्या सूचना. एल्फ वाईट नाही, पण महाग आहे. एल्फ म्हटलं की बघणाऱ्याला सळसळतं, निर्मळ, उंची कापड अपेक्षित असतं. तिथे मांजरपाट चालत नाही. शिवाय तयार मिळणारे लेटेक्सचे कान बहुतेक गोऱ्या कातडीच्या रंगाचे असतात. तुझ्या वर्णाला जुळवायचे तर ते रंगवावे लागतील, रोज सकाळी मास्टिक्स नावाच्या डिंकाने चिकटवावे लागतील, आणि तो डिंक कातडीला चालतो का हे आधी मनगटावर लावून बघावं लागेल. एवढी खटपट पहिल्याच वर्षी नको.

साडीचं तुला का पटलं नाही, ते मला कळतं असं वाटतं. तिथे तू खेळायला चालली आहेस, कुणाला आपला देश दाखवायला नाही. बाकीच्या पाच जणी आपल्याला हवं ते पात्र निवडणार आणि तू मात्र ‘भारतीय’ हेच पात्र घ्यायचं, याची सक्ती कुणी करू नये, प्रेमानेसुद्धा. तुला स्वतःला काष्टा घालून धावायची हौस असती तर मी सुती नऊवारीच्या बाजूने बोलले असते, कारण शेतात राबणाऱ्या बायकांनी ती नेसून सगळी कामं केली आहेत. तरीही ती नऊ वार सुती कापडाची घडी एकदा भिजली की तंबूत वाळत नाही, हे सांगितलंच असतं. रेशमी साडी तर त्या चिखलात नेऊच नये. आपल्याकडून नेण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे, आणि ते आपल्या शिंप्यांच्या आणि विणकरांच्या हातात आहे. त्याकडे आता वळते.

आधी कापड. मार्चमध्ये सांगलीत गेलीस की कोरा जाड मांजरपाट घे, किंवा खादी भांडारातली जाड खादी. सगळं मिळून पाच मीटर पुरे, बारा-पंधराशे रुपयांच्या आसपास काम होईल. हॅनोव्हरला तेवढंच लिनन घ्यायला गेलीस तर निम्मं बजेट जाईल. लोकर, लिनन आणि सूत सोडून दुसरं काही घेऊ नकोस. यात दिसण्याचा प्रश्न आहेच: पानेझाम्ट नावाच्या चमकत्या, चुरगळलेल्या नकली मखमलीला जर्मन लार्पवाले नवशिक्याची खूण मानतात. पण खरं कारण आग आहे. तिथे जागोजागी शेकोट्या पेटलेल्या असतात. ठिणगी पडली तर लोकर करपून विझते, पॉलिस्टर मात्र वितळून कातडीला चिकटतं.

दुकानदार शंभर टक्के सुती म्हणाला तरी खात्री करून घे. कापडाच्या कडेचे चार धागे काढ, चिमट्यात धर आणि मोकळ्या जागेत, खाली पाण्याची ताटली ठेवून पेटव. सूत कागदासारखं भुरुभुरु जळतं आणि बोटांत चुरडणारी हलकी राख राहते. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि तिची काळी गुठळी चुरडली जाते. टोकाला कडक, चकचकीत मणी तयार झाला आणि तो गार झाल्यावरही नखाने फुटेना, तर त्यात पॉलिस्टर आहे. ते कापड परत ठेव.

शिवण जेमतेम येतं म्हणालीस ना, तर तेवढं पुरेल. तिथे घालतात तो जुन्या धाटणीचा सदरा आणि आपल्याकडचा कळ्यांचा सदरा यांची बेतणी जवळजवळ एकच आहे. हातमागावर विणलेलं कापड मोलाचं असायचं, गोलाई कापून चिंध्या करणं कुणालाच परवडायचं नाही, म्हणून दोन्हीकडच्या माणसांनी सरळ चौकोन आणि त्रिकोण जोडूनच कपडे केले. आईला ‘चौबगला घालून कळ्यांचा सदरा, गुडघ्यापर्यंत’ एवढंच सांग. तिला नाही तर तुमच्या शिंप्याला ते नक्की कळेल.

तरी मापं लिहून ठेवते. छाती ३६ इंच धरली आहे, तुझ्या मापाप्रमाणे बदल. कापडाचा पन्ना ४४ इंची हवा, लांबी अडीच मीटर. बेतण्याआधी कापड रात्रभर भिजत ठेव, वाळव, इस्त्री कर. कोरं कापड आटतं आणि शिवल्यावर आटलं तर काही करता येत नाही. मग ४१ इंचांचा तुकडा काढून उभा मधोमध काप. पाठ आणि पोट असे २२-२२ इंचांचे दोन भाग झाले, शिवणीचा अर्धा-अर्धा इंच त्यातच धरून. पुढच्या २१ इंचांतून १८ इंच रुंदीच्या दोन बाह्या काढ आणि मनगटाकडे १० इंचांपर्यंत निमुळत्या कर. बाह्यांशेजारी ८ इंचांची पट्टी उरते, तिच्यातून ६ इंचांचे दोन चौकोन काढ, ते तुझे चौबगले, म्हणजे काखेत बसवायचे तुकडे. उरलेल्या कापडातून २६ इंच उंच आणि बुडाशी १३ इंच रुंद अशा चार त्रिकोणी कळ्या, एक सुलटी एक उलटी ठेवून. या कळ्या समोर आणि मागे मधोमध घालायची रीतही आहे, पण टोकाशी सुरकुती न पडू देता ते करायला हात बसलेला लागतो. तू दोन्ही कुशींना दोन-दोन लाव.

चौबगला मात्र टाळू नकोस. तो काखेत तिरपा बसतो, एक कोपरा बाहीत आणि समोरचा कोपरा कुशीच्या शिवणीत. तो असला की हात डोक्यावर नेला तरी सदरा कमरेतून वर ओढला जात नाही आणि काखेत फाटत नाही. पळताना, तंबू ठोकताना, कुणाचा वार अडवताना याची किंमत कळते. गळा लहान काप, सहा इंच रुंद पुरे, आणि समोर सहा-सात इंचांची चीर ठेवून तिला बंद लाव. डोकं त्यातून जातं की नाही हे गळपट्टी लावण्याआधी घालून बघ. आतल्या शिवणी मशीनवर मार. बाहेरून दिसणारे गळा, मनगट आणि घेर हाताने दुमडून शिव. हातभर अंतरावरून डोळा तिथेच जातो.

खाली ढगळ सुती लेंगा पुरतो, नाडीचा. तोही शिवायची गरज नाही, तयार घे आणि रंगव.

रंग हा माझा आवडता भाग आहे, म्हणून जरा थांबते. कोऱ्या कापडाला खळ असते. ती निघाल्याशिवाय रंग डाग-डाग बसतो, म्हणून आधी धुण्याचा सोडा घालून तासभर उकळ. मग हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवून त्यात सदरा रात्रभर ठेव आणि न खळबळता पिळून वाळव. फिकट पिवळसर दिसेल. आता दुसऱ्या बादलीत लोखंडाचं पाणी: गंजके खिळे आठ-दहा दिवस व्हिनेगरमध्ये ठेवून केलेलं, त्यातलं अर्धा पेला बादलीभर पाण्याला. सदरा त्यात सोडलास की डोळ्यांदेखत राखाडी होत जातो. पाच मिनिटांत पावसाळी ढगाचा रंग येतो, अजून ठेवलास तर जवळजवळ काळा. हव्या त्या छटेला काढून लगेच भरपूर पाण्यात धू, कारण जास्त लोखंड सुताला कुजवतं. लेंग्यासाठी हिरडा, मग तुरटी, मग मंजिष्ठा या क्रमाने गेलीस तर विटकरी लाल मिळेल. तुरटी एकटी सुतावर नीट धरत नाही, म्हणून आधी हिरडा हवाच. ही भांडी पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाहीत. आणि सांगलीच्या मुलीला सांगायला जीव होत नाही, पण हळद नको. तिचा रंग उन्हात उडतो. एवढं करायला वेळ नसेल तर हॅनोव्हरच्या कुठल्याही ड्रोगरीत, म्हणजे साबण-प्रसाधनांच्या दुकानात, वॉशिंग मशीनमध्ये घालायचा सुती कापडाचा रंग मिळतो, तोही चालेल. एकूण कपड्यांत तीनच्या वर रंग नकोत.

सदऱ्याच्या मनगटांना आणि घेराला काठ लावायचा असेल तर आई-आजीच्या फाटलेल्या सुती साडीचा काठ काढून घे. इरकलीचा बारीक काठ गडद राखाडीवर फार देखणा दिसतो. जरीचा काठ घेऊ नकोस, हल्लीची जर बहुतेक प्लास्टिकची असते आणि उन्हात ओळखू येते.

आता घोंगडी. तुझ्या सगळ्या यादीत मी हिच्यावर सर्वांत जास्त भर देईन. तिकडचे लोक लोकरीच्या केपसाठी ८०-१०० युरो मोजतात आणि तुझ्या जिल्ह्यात आटपाडी, जत, कवठेमहांकाळ भागात धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी विणली जाते. दख्खनी मेंढीची काळी-करडी, राठ लोकर, सणगर विणकरांनी हातमागावर विणलेली, धाग्याला चिंचोक्याची खळ लावून ताठ केलेली. पावसात रानात उभं राहण्यासाठीच ती तयार झाली आहे. ऑगस्टमध्ये उत्तर जर्मनीत रात्री चांगलाच गारठा पडतो आणि पाऊस कधीही येतो, तेव्हा ती अंगावर घे, रात्री पांघर, दिवसा खाली अंथर. अडीच-तीन हजारांपर्यंत चांगली मिळावी. घेताना गालाला लावून बघ. अस्सल घोंगडी टोचते. फारच मऊ लागली तर धागा मिसळलेला असतो, तिथेही जळणाची परीक्षा कर. मशीनमध्ये कधीच धुवायची नाही, आटून ती नमदा होईल. थंड पाण्यात बुचकळून, न पिळता सावलीत वाळव, मग दोन दिवस ऊन दे, म्हणजे वास कमी होईल. वजन दोन किलोच्या पुढे जाऊ शकतं, ते बॅगेत धरून चाल.

हिला कापू नकोस. धनगर करतात तशी खोळ घालायला शिक: एका टोकाचे कोपरे दुमडून डोक्यावर टोक येतं आणि बाकीची पाठीवरून पोटरीपर्यंत उतरते. आजोबांना किंवा गावाकडच्या कुणाला विचार, एकदा हातात धरून दाखवलं की विसरायला होत नाही. गळ्याशी अडकवायला लाकडाची जाड काडी आणि सुताचा फास बास. तो एकच कपडा अंगावर असला तरी तू कुठून तरी लांबून चालत आली आहेस हे बघणाऱ्याला कळेल.

बूट जर्मनीतच घे, आणि आत्ताच. बजेटमधले ३० युरो त्यांच्यासाठी ठेव. लार्पमध्ये सगळ्यात जास्त हाल पायांचे होतात; दिवसभर उंचसखल गवतावर आणि चिखलात चालायचं असतं. फ्लोमार्क्टला (जुना बाजार), सोत्सियालकाउफहाउसमध्ये (जुन्या वस्तूंचं स्वस्त दुकान) किंवा क्लाइनआन्त्साइगनवर (जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची वेबसाइट) घोट्याच्या वर जाणारे तपकिरी किंवा काळे चामड्याचे साधे बूट बघ. झिप, रंगीत दोरे, जाड पांढरे तळवे नकोत. आता घेतलेस तर ऑगस्टपर्यंत वापरून पायाला बसतील. बुटाचं वरचं टोक आधुनिक दिसत असेल तर त्यावरून पोटरीला लोकरीच्या पट्ट्या गुंडाळायच्या, चार इंच रुंद आणि तीन मीटर लांब, घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत. जुनं लोकरी ब्लँकेट फाडून त्या निघतात. कोल्हापुरी नेऊ नकोस, चिखलात चामडं फुगून दोन दिवसांत वाट लागेल.

त्याच दुकानांत पाच-दहा युरोंत रुंद चामडी पट्टा आणि जुनी चामड्याची पर्स शोध. पर्सची झिप आणि धातूची नावं उसवून काढलीस आणि मागे दोन पट्ट्या शिवल्यास की कमरेची पिशवी झाली. मोबाइल, औषधं, ओळखपत्र तिच्यात, कापडात गुंडाळून. पट्ट्याचं बकल फारच आजचं वाटलं तर वरून सुती शेला बांध.

डोकं उघडं ठेवू नकोस. कपडे कितीही चांगले असले तरी वर रबर बँडची पोनी दिसली की सगळं फिसकटतं. तिथे गुगेल नावाची खांद्यापर्यंत उतरणारी लोकरी टोपी बरेच जण घालतात. तू उरलेल्या मांजरपाटाचं साधं मुंडासं बांध, फेट्याचा तुरा-शेमला काही नको. ऊन, पाऊस, न धुतलेले केस, तिन्हींना तो एक उपाय आहे. चष्मा असेल तर तोच घाल, रस्ता न दिसता पळण्यापेक्षा ते बरं. बारीक तारेची जुनी फ्रेम सापडली तर उत्तम.

सगळं शिवून झालं की कपडे नवे दिसणार, हा मोठा दोष आहे. त्यावर उपाय म्हणजे ते घालणं. एप्रिलपासून सदरा घालून घरकाम कर, धू, पुन्हा घाल. कोपरं, गुडघे आणि घेराची कड बारीक सँडपेपरने घास. एखाद्या ठिकाणी ठिगळ लाव, पण ते फाटतं तिथे, म्हणजे कोपरावर किंवा पट्टा घासतो तिथे. घडीच्या रेषा राहू देऊ नकोस. ओला सदरा पिळून तसाच वाळवलास की त्या जातात.

हात मोकळा असेल आणि आई सोबतीला असेल तर अजून एक गोष्ट करून बघ. तिथे योद्धे चिलखताखाली किंवा नुसतीच जाड शिवलेली बंडी घालतात, नवी घेतली तर महाग पडते. ती म्हणजे कापडाचे थर एकावर एक ठेवून धावदोरा घातलेली वस्तू, आणि हे काम आपल्या घराघरांत गोधडी म्हणून चालत आलं आहे. जुन्या सुती साड्यांचे पाच-सहा थर, वर-खाली मांजरपाट, अर्ध्या इंचाच्या ओळींत धावदोरा, बिनबाह्यांची, पुढे बांधायला बंद लावलेली. वार लागला तर ती अंगाला जपते आणि रात्री ऊबही देते. पण हे आठवड्याचं काम नाही, उरकायला गेलीस तर टाके सैल पडतात. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी कर.

आतून काय घातलंस ते कुणी बघत नाही, म्हणून तिथे मुळीच मन मारू नकोस. थर्मल असेल तर घाल, लोकरी मोजे घाल, मोज्यांचे दोन जादा जोड ने. खायला घरातली लाकडी किंवा पितळी भांडी चालतील. पितळेला कल्हई आहे ना तेवढं बघ, नाहीतर आंबट काही त्यात घेऊ नकोस.

आणि तिकीट अजून काढलं नसेल तर मित्रांना एन-एस-सी तिकिटाबद्दल विचार. त्यात तू स्वतःचं पात्र घेऊन जात नाहीस, आयोजक सांगतील ते होतेस, कधी राक्षसांच्या फौजेत, कधी गावकऱ्यांत. ते तिकीट स्वस्त असतं, आणि आयोजकांच्या फुंडुसमधून, म्हणजे त्यांच्या कपडेपटातून, बरंचसं सामान मिळतं. खाली घालायला तुझा राखाडी सदरा आणि बूट तिथेही लागतीलच, तेव्हा केलेलं काही वाया जाणार नाही.

राहिली तलवार. हिशेब बघ: कापड १५ युरोंच्या आसपास, घोंगडी ३०, बूट ३०, पट्टा आणि पिशवी १०, रंग-दोरे धरून ९० च्या घरात जातील. बऱ्यापैकी लेटेक्सची नवी तलवार ५० युरोंच्या खाली क्वचितच मिळते. म्हणून यंदा घेऊ नकोस. मित्रांपैकी कुणाकडे तरी जादा खंजीर किंवा आखूड तलवार असेल, ती उसनी माग, आणि तिची काळजी घ्यायला शिक: आत फायबरग्लासची काडी, तिच्यावर फोम, वर लेटेक्सचा थर असतो, म्हणून टोक जमिनीवर टेकवून कधी उभं राहायचं नाही, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवायची नाही, आणि काडी असलेल्या हत्याराने भोसकायचं नाही, फक्त वार करायचा, तोही डोकं आणि गळा सोडून. मैदानात जाण्याआधी हत्यारांची तपासणी होते, तिथे दाखवून घे. पुढे कधी जुनी विकत घेशील तेव्हा टोक अंगठ्याने दाब. आतली काडी हाताला लागली तर कितीही स्वस्त असली तरी ती परत दे. घरी बनवायच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नकोस, सदरा चुकला तर उसवता येतो, हत्यार चुकलं तर दुसऱ्याच्या डोळ्याला लागतं.

मार्चमध्ये घरी पोचलीस की पहिल्या दोन दिवसांत कापड भिजवायला घाल आणि घोंगडी बघून ये, कारण रंगाला आणि वाळवायला आठवडा जातो. खिळे मात्र निघण्याआधीच आईला व्हिनेगरमध्ये घालून ठेवायला सांग. कळ्या बेतताना कुठे अडलीस तर कापण्याआधी मापं मला लिहून पाठव.

तुझी ताई